कापसाच्या खोलीतलं वाचन

नातीनं काल नवं पुस्तक उघडलं आणि शाईच्या वासानं मी थेट तीर्थपुरीच्या सासरी जाऊन पोचले. निजामाचं राज्य होतं, मी सतरा वर्षांची होते. भावानं औरंगाबादहून आणलेली कादंबरी मी कापसाच्या खोलीत लपून वाचत होते. तिच्यातली बाई मारकुट्या नवऱ्याचं घर कायमचं सोडते, त्या पानावर मी आले, तोच मामंजी दारात.

"काय वाचून राह्यली, सूनबाई?"

"गोष्ट आहे, मामंजी."

"मंग मोठ्यानं वाच. आम्ही बी ऐकतो."

ते पोत्यावर टेकले. मागं माझी नणंद गंगू उभी होती. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती माहेरी आल्ती आणि दुसऱ्या सकाळी मामंजी तिला परत पोचवणार होते. छापलं होतं एक आणि मी वाचलं भलतंच: ती बाई परत गेली, नवऱ्याचे पाय धरले, सुखी झाली. "बराबर," म्हणत मामंजी उठले. गंगूकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

सकाळी गाडी जुंपली, पण गंगू बाहेर आलीच नाही. "मी न्हाई जाणार, बिलकुल न्हाई!" ती आतून ओरडली. ती गेली नाही ती कायमचीच.

पुष्कळ वर्षांनी मी तिची माफी मागितली, तेव्हा ती हसली.

"वहिनी, एवढी मोठी गोष्ट वाचली तुमी, पण पान एकबी उलटलं न्हाई. तवाच मला कळलं, पुस्तकात दुसरंच कायतरी हाय."