रिकाम्या सीटची जीप

मुरबाड-कल्याण जीपवाले काका सगळ्या सीट भरल्याशिवाय कधी निघत नसत. गिऱ्हाईक नसलं, तरी "चोच दिलीय त्यानं, चारा पन देईल," म्हणत निवांत काच पुसत बसत. मला तो आळस वाटे.

एकदा तापानं फणफणलेलं बाळ घेऊन एक बाई चढली. जीपमध्ये आम्ही दोघीच होतो. काकांनी लगेच गाडी सुरू केली.

"डिझेल काय पान्यासारखं फुकट मिलतं काय रे?" दुसरा ड्रायव्हर ओरडला.

"देव काय निसता स्टँडवरच बसतो? रस्त्यात पन असंल ना!"

रस्त्यात कुणीच भेटलं नाही. प्रत्येक फाट्यावर मी काकांसाठी माणसं शोधत होते. काकांनी मात्र दवाखाना येईपर्यंत एकाही फाट्यावर गाडी हळू केली नाही.