शहापूरहून परतलेली गाडी

शोरूममध्ये मी ज्या गाडीत बसून बायकोला मागच्या सीटची ऐसपैस जागा समजावून सांगत होतो, ती गाडी दुसऱ्याची निघाली. मालक हातात हार घेऊन बाहेर उभा. "काका, ही माझी आहे," तो फार अदबीनं म्हणाला. मी उतरलो आणि उगाच त्याच्या टायरवर हात फिरवून "छान आहे" म्हणालो. बायको तोवर लांबच्या खुर्चीवर, मला ओळखत नसल्यासारखी, पाणी पीत बसली होती.

प्रश्न आईचा होता. जन्मभर धानाच्या रोवण्यात वाकून तिचे गुडघे गेले, वरून कंबरेचं ऑपरेशन. एसटीची पायरी चढवत नव्हती. लहान गाडीत बसली तर उठवत नव्हतं. आणि तिकडे आसगावला तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, अंथरुणाला खिळलेला. तिला एकदा त्याला डोळे भरून पाहायचं होतं. म्हणून मोठी गाडी. काळी की पांढरी, एवढ्यावर सारं अडलेलं. काळी उंच आणि दिमाखाची; पांढरी जरा बुटकी, पण पायदान रुंद. दोन्हींचे इतके व्हिडिओ मी पाहिले होते, की कोणी तब्येत विचारली तरी मी मायलेज सांगायचो.

शेवटी आईलाच बसवून पाहू म्हणून दोन्ही शोरूमच्या गाड्या जवाहरनगरला क्वार्टरपुढं बोलावल्या. काळी सकाळी आली. आईचा पाय पायदानापर्यंत उचललाच गेला नाही. दुपारी पांढरी आली. आईनं गाडीकडं पाठ केली, बैलबंडीत बसतात तशी आधी टेकली आणि मग पाय आत ओढून घेतले. बसली की! मी विजयी मुद्रेनं बायकोकडं पाहिलं. ती आईच्या मांडीवरच्या पिशवीकडं पाहत होती.

"आई, पिशवीत काय आहे?" तिनं विचारलं.

"वडे. लाखोरीच्या डाळीचे. भावाकडे रिकाम्या हातानं जाते का कोनी?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की आईनं नवं लुगडं नेसलं होतं. गाडी दारात आली म्हणजे निघायचंच, हा तिचा साधा हिशेब. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे काय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

गाडी चालवणाऱ्या शोरूमच्या पोराला मी हळूच विचारलं, "आसगावपर्यंत जमेल का?"

"सर, शहापूरपर्यंतच असते. पुढं गेलो तर साहेब मले ठेवणार नाही."

शहापूरला गाडी मागं वळली. आईनं वाकून बाहेर पाहिलं.

"बाबू, इकडून तं आपलं घर येते."

"हो आई. आज नुसती पाहायला आणली. आपली झाली की पहिली आसगावलाच नेऊ."

"मंग सांगाचं नाही का? नव्या लुगड्याची घडी कायले मोडली असती म्या?" ती हसली. मग खिडकीकडं तोंड करून बसली ती घर येईपर्यंत. उतरल्यावर तिनं वड्यांची पिशवी त्या पोराच्या हातात दिली. "घे बापू. गाडी चांगली चालवते तू."

त्याच आठवड्यात मामा गेला.

भाड्याची गाडी मिळाली ती लहानच. बायकोनं आईच्या काखेत हात घातला, मी पाय उचलून आत ठेवले. आसगावला उतरवताना ती कळवळली, पण उतरली. मामाच्या उशाशी बसून तिनं त्याच्या कपाळावरचे केस मागं सारले, लहानपणी सारत असेल तसे. रडली नाही. परतताना वाटेत एकदाच म्हणाली, "लयच बारीक झाला होता."

दोन्ही शोरूमचे फोन मात्र येतच राहिले. काळीवर सूट आहे, पांढरी लगेच मिळते आहे. तेरवी झाल्यावर मी बायकोला विचारलं, काय सांगू त्यांना.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता कोनतीबी घ्या. दोन्ही चांगल्याच हायेत."