शालूअक्काची गुळगुळीत चिठ्ठी

शालूअक्का चिठ्ठ्या काढताना डोळे मिटायची आणि तोंड छताकडे करायची. आकुर्डीला पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात आम्ही चौघी होतो. दोघींनी आठवडाभर पॅकिंग करायचं, दोघींनी प्रेसवर बसायचं. तिथे एकीने हाताने पत्रा सरकवायचा, दुसरीने पायाने दांडा दाबायचा. प्रेस बोटं खायची, म्हणून दर सोमवारी चिठ्ठ्या; ज्या दोघींची नावं निघतील त्या प्रेसवर. अक्का सगळ्यांत जुनी, त्यामुळे चिठ्ठ्यांची डबी तिच्याकडे. "चिठ्ठीला नातं न्हाई," ती म्हणायची.

मला कामाला तिनेच लावलं. पहिल्याच सोमवारी माझं नाव निघालं आणि मी रडले. तिने कनवटीतले चार चिंचोके काढून जोड्या लावून दाखवल्या. "बघ. जोड्या व्हत्यात सहा. तुझ्या तीनच. म्हंजी निम्म्या येळा सुटशील. रडतीस कशापायी, येडे?" मी चौथी शिकलेली. इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

संक्रांतीच्या आठवड्यात माझ्या तर्जनीचं पेर गेलं. अक्का भाकरी घेऊन आली. "नशीब गं," म्हणाली.

घरी बसून होते, तेव्हा आठवलं, दिवाळीपासून अक्का एकदाही प्रेसवर नव्हती. मी चिंचोके घेतले. एक आठवडा सुटणं दोनांत एकदा. सलग दोन, चारांत एकदा. मग आठ, सोळा. दुप्पट करत गेले. संक्रांतीपर्यंत पोचायच्या आत डब्यातले चिंचोके संपले. शिवाय ती सुटली की उरतात तीनच जोड्या, आणि त्यांतल्या दोनांत मी.

कामावर परतले आणि सगळ्यांसमोर डबी उघडली. तीन चिठ्ठ्या खरखरीत, चौथी गुळगुळीत. मेण लावलेलं. आत तिचं नाव.

"अक्का, हे काय?"

"माजी तीन लेकरं हायेत. हात गेला तर कोण खाऊ घालंल?"

"माझी काय झाडाला लागलीत?"

"तुला मोजायला शिकवलं कुणी गं?" ती चिडली.

"तूच."

नव्या चिठ्ठ्या केल्या. बाकीच्यांनी मला काढायला लावलं. पहिली माझी निघाली, दुसरी तिची. सहांतली ती एक जोडी, कधीतरी येणारच होती.

माझा हात अजून बांधलेला, म्हणून पत्रा तिने सरकवायचा. दांड्यावर पाय माझा. दर वेळी ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची, मग हात आत घालायची. आठवडाभर बघत राहिली. माझा पाय एकदाही चुकला नाही. बोलले मात्र तिच्याशी पुन्हा कधीच नाही.