अध्यक्षांनी लपवलेली लेक

मी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे, आणि यंदाच्या पाडव्याला मी माझी स्वतःची मुलगी शाळेपासून लपवून ठेवली होती.

गाव आमचं भोकरदन तालुक्यातलं, हसनाबादच्या जरा अलीकडं. हसनाबादला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. गावातली शाळा चौथीपर्यंतची: दोन खोल्या, एक सर, एक बाई. माझी थोरली गौरी तिथंच तिसरीत आहे. अध्यक्षपद मला कर्तृत्वानं मिळालेलं नाही. पालकांची बैठक चालू असताना मला फोन आला, मी बोलायला बाहेर गेलो आणि परत आलो तेव्हा माझ्या गळ्यात हार पडला. (फोनवरची बाई मला कर्ज देऊ करत होती. तेव्हापासून मी बैठकीत फोन घेत नाही!)

आमच्या सरांना सूचना लिहायची भारी हौस. होळी जवळ आली की पुढच्या दोन महिन्यांचं सगळं ते पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एकदम टाकतात. रंगपंचमीला कोरडेच रंग आणावेत (ऑइलपेंट कोरडा रंग नाही), शाळा आता सकाळची भरेल, परीक्षेच्या काळात लेकरांना लग्नाला नेऊ नये, असं बरंच काही यंदाही होतं. शेवटी, गटावर शुभ सकाळचे फोटो टाकू नयेत अशी कळकळीची विनंती होती. त्या विनंतीखाली अकरा जणांनी गुलाबाचे फोटो टाकले. त्यातला एक माझा होता. अध्यक्षाला पोच तर द्यावीच लागते!

पण मधली एक ओळ मी तीनदा वाचली. 'गुढीपाडव्याला सकाळी प्रवेशफेरी. सहा वर्षे पूर्ण झालेली गावातील सर्व बालके सजवलेल्या बैलगाडीतून वाजतगाजत शाळेत आणली जातील. लगेच शाळापूर्व तयारी मेळावा. अध्यक्ष फेटा बांधून पुढे राहतील.'

माझी धाकटी ओवी सहा वर्षांची झाली होती. आणि तिचा फॉर्म मी गुपचूप तालुक्याच्या इंग्रजी शाळेत भरून आलो होतो.

याला कारण जालना शहर. जानेवारीत तिथं एका बियाण्याच्या कंपनीच्या बैठकीला गेलो असताना तिथल्या साहेबांची एवढीशी पोरगी माझ्यापुढं येऊन म्हणाली, "अंकल, यू आर सिटिंग ऑन माय बॅग." मी हसून म्हणालो, "थँक्यू!" आणि बसूनच राहिलो. शेवटी साहेबांनी मला उठवलं. तेव्हाच मी ठरवलं की माझी ओवी अशी बोलली पाहिजे.

त्या सूचनेनंतर दोन दिवसांनी सर दुकानावर आले. "अध्यक्ष, पहिलीत सात नावं झालीच पाहिजेत. सहा झाली तर बाईंची जागा जाते."

"जाते म्हंजी?"

"बदली. मंग चार वर्ग आन् मी एकटा!"

आता बाईंचं सांगतो. आमची गौरी दुसरीत जाईपर्यंत अक्षरांना घाबरायची. पुस्तक उघडलं की हिला ताप. बाई शाळा सुटल्यावर रोज तिला वरांड्यात घेऊन बसल्या, थंडीत बसल्या, उन्हात बसल्या. आता गौरी खताच्या पोत्यावरच्या सूचनाही मोठ्यानं वाचते आणि गिऱ्हाइकाला त्याचं काय चुकलं ते सांगते. त्या बाई जाणार म्हटल्यावर मला खरंच वाईट वाटलं. पण मला वाटलं, एका पोरीनं काय होतंय! (गावात आणखी कुणाला असंच वाटत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.)

गावातली सहा वर्षांची लेकरं शोधायचं काम सरांनी तिसरीच्या पोरींना दिलं होतं. त्या वही घेऊन घरोघर फिरल्या. रात्रीच्या भाकरीला बसलो तेव्हा गौरीनं वही उघडली.

"पप्पा, बराबर सात निघाले! सातवं नाव आपल्या ओवीचं लिवलं. बराबर केलं ना?"

"बिलकुल बराबर," मी म्हणालो आणि मला ठसका लागला.

माझ्या बायकोला, सुनीताला, फॉर्मचं ठाऊक होतं. पोरी झोपल्यावर ती म्हणाली, "आता काय करताल?"

"पाडव्याच्या दिवशी ओवीला लपवतो. दुपारपर्यंतच."

"शेंगदाण्याचा डबा लपवता येत न्हाई तुम्हाला. पोरगी कुठं लपवताल?"

जागा मी हेरून ठेवली होती. माझे चुलते, तात्या, मळ्यातल्या आखाड्यावर राहतात. गुरांचा गोठा, एक खोली आणि एक लिंबाचं झाड, बस्स. गावातलं कुणी तिकडं फिरकत नाही. पाडव्याला उजाडताच मी ओवीला मोटारसायकलवर बसवून तिथं नेलं. तात्या बैलांना धूत होते.

"तात्या, दुपारपर्यंत ओवीला तुमच्याजवळच ऱ्हाऊ द्या. एकटी सोडू नका."

तात्यांनी मान हलवली. तात्यांचा हा मोठा गुण, ते उलट विचारत नाहीत.

ओवीला मी बाजूला घेतलं. "शाळावाले यायलेत पोरं न्यायला. तू इथं लपून बस. आवाज करू न्हाई. दुपारी कुल्फी देतो."

"दोन," ओवी म्हणाली. मी दोन कबूल केल्या आणि निश्चिंत मनानं फेटा बांधायला घरी आलो.

पाडव्याच्या दिवशी सकाळी सकाळी तात्या बैल कशाला धुऊन राहिले, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता. गावात आता घरटी ट्रॅक्टर आहेत. बैलजोडी आणि लाकडी गाडी उरली आहे ती फक्त तात्यांकडं. शाळेच्या फेरीसाठी ती गाडी आठ दिवस आधी मीच तात्यांना फोन करून सांगितली होती!

फेरी निघाली. पुढं हलगी, मागं मी, माझ्यामागं सगळी शाळा. गौरी वही घेऊन माझ्या शेजारी होती आणि घोषणा देत होती, "चला चला शाळेला, फळा वाट बघून राह्यला!" ज्या घरातलं नाव वहीत होतं तिथं फेरी थांबायची, लेकराला हळदीकुंकू लागायचं, गळ्यात साखरेची गाठी पडायची आणि ते आमच्याबरोबर निघायचं. अशी पाच लेकरं झाली. दत्ताच्या दाराला मात्र कुलूप होतं. हा दत्ता माझा शाळेपासूनचा मित्र. तो स्वतः फेरीत माझ्या मागंच होता.

"लेक मामाच्या गावाला गेली," तो आभाळाकडं बघत म्हणाला.

"आतून टीव्हीचा आवाज यायलाय, काका," गौरी म्हणाली.

"चालू राह्यला असंल," दत्ता म्हणाला, आणि हलगीवाल्याला म्हणाला, "वाजव की जल्दी!"

मग आमचं दार आलं. सुनीता आरतीचं ताट घेऊन उभीच होती. गौरीनं आत डोकावून हाक मारली, "ओवे! चल!"

"ओवी घरी न्हाई," सुनीता म्हणाली आणि माझ्याकडं अशी बघत राहिली, की पुढचं वाक्य तुमचं. मी फेटा सारखा केला. गौरीनं वहीतल्या सातव्या नावावर बोट ठेवलं, माझ्याकडं बघितलं आणि वही मिटली. त्यापेक्षा ती रडली असती तर बरं झालं असतं.

फेरी चौकात येऊन गाडीची वाट बघत थांबली. पाच लेकरं, पाच गाठी. सर बोटं मोजत होते. बाई लेकरांचे केस सारखे करत होत्या, पण मान वर करत नव्हत्या. तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला.

मी आजपर्यंत पुष्कळ मिरवणुका पाहिल्या, पण तशी गाडी पुन्हा दिसायची नाही. बैलांची शिंगं हिंगूळ लावून लालभडक केलेली. चाकांना, दोन्ही बाजूंच्या साट्यांना, जुवाला पळसाची फुलं, इतकी की गाडीचं लाकूड दिसेना. आणि मधोमध, केसांत तीच फुलं खोवून, दोन्ही हातांनी साट्या धरून एक पोरगी ताठ उभी. हलगीवाला हात वर धरून तसाच राहिला. मीसुद्धा हात जोडले. खरं सांगतो, कुणाची एवढी गुणाची लेक आहे, असा विचार माझ्या मनात आला आणि मग ती लेक ओरडली, "पप्पा, फुलं मी लावले!"

"तात्या!" मी धावलो. "तुम्हाला म्हणलं होतं ना, जवळ ठेवा म्हणून!"

"जवळच हाय की ही," तात्या म्हणाले. "तूच म्हणला एकटी सोडू नका. मी गाडी घेऊन आलो तं पोरगी बैलाच्या दावणीला बांधू का, ज्ञान्या? आन् गाडी सहा वर्साच्या लेकरांसाठीच हाय ना?"

तेवढ्यात सरांनी माझ्या गळ्यात हार घातला. "याला म्हणतात अध्यक्ष! गुपचूप तयारी केली आन् सगळ्यात आधी स्वतःची लेक गाडीत बसवली!" टाळ्या पडल्या. गौरी हार बघून हसली. माझ्या हातात माइक आला. आता माइक हातात आल्यावर माणूस काय करणार? मी मातृभाषेवर दहा मिनिटं बोललो. आपल्या गावची शाळा सोडून लेकराला लांब धाडणारा बाप कसा असतो, तेही सविस्तर सांगितलं. लोकांना पटलं. मलासुद्धा पटलं!

शाळेत मेळाव्याची टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलावर लेकरानं काहीतरी करून दाखवायचं आणि बाई कार्डावर खूण करणार. ओवीनं दोरीवरून उडी मारली, चित्र रंगवलं. एका टेबलावर मूग, तूर, सोयाबीन एकत्र करून ठेवलेलं होतं, ते निवडायचं होतं. तिनं झटक्यात तीन ढीग केले आणि चार दाणे बाजूला काढले.

"हे कामून काढले?" सरांनी विचारलं.

"हे उगवणार न्हाईत. पप्पाच्या दुकानातले दिसायलेत."

गाव हसलं. मीही हसलो, थोडा उशिरा. मग ती भाषेच्या टेबलाशी आली. बाईंनी विचारलं, "ओवी, आज सकाळी उठल्यापासून काय काय झालं, ते क्रमानं सांगशील?"

सरांना वाटलं, अध्यक्षांची लेक आहे, सगळ्यांना ऐकू जावं. त्यांनी तिच्यापुढं माइक धरला!

"मी उठले," ओवी म्हणाली. "पप्पा म्हणले, दात घासू नको, जल्दी चल. मंग गाडीवर बसून आखाड्यावर गेल्तो. मंग पप्पा म्हणले, शाळावाले यायलेत पोरं न्यायला, तू इथं लपून बस. मी म्हणले दोन कुल्फ्या. मंग पप्पा गेले. मंग तात्या आजोबा म्हणले, लपायला जागा कुठंय, चल फुलं आणू. मंग आम्ही बैलाला सजवलं. मंग शाळावाले आले तं ते पप्पाच होते."

मी घामानं निथळत होतो, आणि तरीही माझ्या तोंडाचा आ मिटत नव्हता. ना अडखळली, ना एक गोष्ट मागंपुढं केली! दहा मिनिटं बोलून मी जे झाकलं होतं ते तिनं अर्ध्या मिनिटात उघडं केलं, तेही शुद्ध आमच्या गावच्या बोलीत. ही पोरगी मी इंग्रजी शिकवून हुशार करायला निघालो होतो.

गौरी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "सातवं नाव तुम्हीच कमी करून राह्यले होते, पप्पा?"

"हो," मी म्हणालो. माइक जवळच होता, त्यामुळं ते 'हो' पार वेशीपर्यंत गेलं. "चूक झाली, बाळा. बाई, तुमचीबी माफी मागतो. द्या तो प्रवेशाचा फॉर्म इकडं."

मी सही केली, आणि मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दत्ता उठला होता. त्यानं खिशातून किल्ली काढली.

"थांबा थोडं. पट मोजू नका अजून," तो म्हणाला. "माझी घरातच हाय. आजीसंगं मालिका बघून राह्यली."

पाच मिनिटांत तो लेकीला खांद्यावर बसवून पळत आला. सात झाली! बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि गौरी त्यांना जाऊन बिलगली. सर एवढे खूश झाले की त्यांनी माझ्या गळ्यातला हार काढून ओवीच्या गळ्यात घातला. तो तिच्या पायापर्यंत आला.

शेवटी बाईंनी कार्डं वाटली. त्यावर प्रत्येक गोष्टीपुढं तीन रकाने असतात: स्वतः करते, थोड्या मदतीनं करते, सराव हवा. ओवीच्या सगळ्या खुणा पहिल्या रकान्यात होत्या. मी छाती फुगवून विचारलं, "म्हंजी घरी काहीच सराव घ्यायचा न्हाई का, बाई?"

बाई पेनाला टोपण लावत सुनीताला म्हणाल्या, "ओवीचा नको. दुसरा मेळावा जूनमध्ये आहे, तोवर हिच्या वडिलांचा घ्या."

सुनीता रोज संध्याकाळी माझा सराव घेते. दिवसभरात काय काय झालं ते क्रमानं, न अडखळता आणि खरं सांगायचं. मी अजून 'थोड्या मदतीनं' या रकान्यात आहे, आणि मदत ओवी करते!