पाणी न प्यालेली मोटारसायकल

प्रश्न असा होता: ओढ्यात शिरेपर्यंत नीट चालणारी आणि ओढ्यातूनही निमूटपणे बाहेर येणारी मोटारसायकल, पलीकडच्या चढावर शंभर पावलं गेल्यावरच गचके का देते? उत्तर शोधायला मला जवळजवळ अख्खा पावसाळा लागला. उत्तर सांगायला मात्र एक मिनिट पुरतं. उरलेला पावसाळा कुठे गेला, हेही सांगणं भाग आहे, कारण तो माझ्याच एका सवयीपायी गेला.

मी नाशिकला राहतो आणि पेठच्या बाजूच्या एका डोंगरी गावात विज्ञान शिकवतो. डांबरी रस्ता फाट्यावर संपतो. पुढे चार किलोमीटर मातीची वाट आणि मध्ये दोन ओढे. या वाटेसाठी मी उन्हाळ्यात एक जुनी मोटारसायकल घेतली: उंच, सडपातळ, खोल खाचांच्या टायरांची, डोंगरवाटांसाठीच बनवलेली. पहिल्या ओढ्यातल्या खडकावर मी लाल रंगाची रेघ मारली. रेघ बुडली असेल तर ओढा ओलांडायचा नाही, हा नियम मी कधी मोडला नाही. रेघेखालच्या पाण्याची भीती वाटावी असं काहीच नव्हतं.

तरीही जुलैत तीनदा मी परिपाठ संपल्यावर शाळेत पोहोचलो, आणि दोनदा परतताना चढावर गाडी ढकलत अंधार केला. दुसऱ्या वेळी बायकोने टॉवेल देता देता निकाल जाहीर केला.

"पोळ्यापर्यंत दुरुस्त झाली तर ठीक. नाहीतर फाट्याला खोली घ्या आणि शनिवारी घरी या."

"आणि गाडी?"

"माझा भाऊ मागतोच आहे. त्याच्या वावरात ओढा नाही."

तिचा भाऊ सटाण्याला शेती करतो. त्याने गाडी एकदाच पाहिली होती आणि तेव्हापासून फोनवर माझ्या आधी गाडीची खुशाली विचारत असे. म्हणजे प्रश्न केवळ यंत्राचा राहिला नव्हता. रोज संध्याकाळी घरी यायचं की आठवड्यातून एकदा, हे त्यावर ठरणार होतं.

पेठ रोडवरच्या मेकॅनिकने गाडीकडे न बघताच निदान केलं. "सर, गाडीनं पाणी पिलंय."

हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलेलं आहे की त्यावर कुणी शंका घेत नाही. मीही घेतली नाही. पाणी प्यालं असेल तर ते कुठून आत गेलं, एवढंच शोधायचं, असं मी ठरवलं. शिस्तीत, एका वेळी एकच गोष्ट बदलून. आधी प्लग आणि त्याची टोपी: कोरडी. तरी मेकॅनिकने टोपीत ग्रीस भरलं. गचके तसेच. मग एअर फिल्टर: स्पंज दाबून पाहिला, थेंब नाही. मग टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवलं. पाणी जड, ते तळाशी बसायला हवं. तळ स्वच्छ होता. वायरींचे जोडही उघडून, पुसून, पुन्हा बसवले.

"कुठेतरी पिलंच असेल," मेकॅनिक म्हणाला.

"कुठे?"

"सर, ते तिलाच विचारावं लागेल."

मी वहीत रकाने आखले: पाण्याची खोली, वेग, गचके, पुन्हा नीट व्हायला लागलेला वेळ. खोली मोजायला गमबुटावर पेनाने खुणा केल्या. विद्यार्थ्यांना याचं फार कौतुक वाटलं. दोन आठवड्यांत वहीने दोन गोष्टी सांगितल्या. घोट्याइतक्या पाण्यात काही होत नसे. पोटरीपर्यंतच्या पाण्यातून गेलं की चढावर गचके ठरलेले. आणि काहीही न करता पाच-सात मिनिटं उभं राहिलं की गाडी आपली आपण नीट होई. प्यालेलं पाणी पाच मिनिटांत कसं वाळेल, हा प्रश्न मी वहीत लिहिला आणि त्याच्याखाली बरेच दिवस कोरी जागा राहिली.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी मेहुणा पिकअप घेऊन आला. गाडी चढवायला फळीही आणली होती.

"दाजी, फळी नुसती असू द्या म्हणून आणली," तो म्हणाला. मग गाडीभोवती फेरी मारून स्वतःशीच अहिराणीत बोलला, "गाडी चांगली शे."

भाऊ आला म्हणून बायकोने भज्यांचं पीठ कालवलं आणि तेलाचा नवा डबा त्याच्यापुढे सरकवला. त्याने स्क्रूड्रायव्हरने एक भोक पाडलं आणि डबा कलता केला. तेल भकभक करत आलं, थांबलं, पुन्हा भकभकलं, निम्मं कढईबाहेर गेलं.

"शेतकरी आहेस की कोण?" बायको म्हणाली. "दुसरं भोक पाड आधी. हवा नको का आत जायला?"

मी चहाचा कप खाली ठेवला आणि अंगणात गेलो.

कार्ब्युरेटर म्हणजे तेलाच्या त्या डब्याचाच धाकटा भाऊ. त्याच्या तळाशी एक छोटी वाटी असते. इंजिन तिच्यातलं पेट्रोल ओढतं, तेव्हा रिकाम्या होणाऱ्या जागेत हवा यावी लागते. त्यासाठी बारीक रबरी नळ्या असतात. माझ्या गाडीला तीन नळ्या होत्या, एक जास्तीचं पेट्रोल सांडायला आणि दोन हवेसाठी. आणि आता मला आठवलं: गाडी घेतली तेव्हा दोन नळ्या खाली लोंबत होत्या, पण तिसरी वर, टाकीखाली खोचलेली होती. ती एकटीच रांग सोडून का, असं वाटून मी तिला खाली आणलं, तिघींची टोकं जुळवली आणि पट्टीने एकत्र बांधली. बावीस वर्षं मुलं रांगेत उभी करणारा माणूस दुसरं काय करणार? टोकं बरोबर पोटरीच्या उंचीला येत होती. ओढ्यात तिन्हींची तोंडं एकदम बुडत. पाण्यात मी हळू जाई, म्हणून वाटीतलं पेट्रोल पुरे. चढावर अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीला पीळ दिला की नळ्यांत अडकलेलं पाणी हवेला वाट देत नसे. थांबलं की ते पाणी ठिबकून जाई.

गाडी पाणी प्यालीच नव्हती. तिला श्वास घेता येत नव्हता.

मी बादली भरून आणली, नळ्यांची टोकं दोन बोटं पाण्यात बुडवली आणि गाडी सुरू करून पीळ दिला. मिनिटभरात तेच ओळखीचे गचके. मग ती तिसरी, हवेची नळी सोडवून टाकीखाली वर खोचली, नळ्या झटकल्या आणि उरलेल्या दोन पुन्हा बुडवल्या. गाडी चालत राहिली. भजी थंड होईपर्यंत चालत राहिली.

मेहुण्याने सगळं लक्षपूर्वक पाहिलं. "म्हणजे भोक मी पाडलं आणि गाडी तुमच्याकडेच."

"एकच भोक पाडलंस म्हणून," मी म्हणालो.

"दोन पाडली असती तर?"

"तर ती आज फळीवर असती," बायको म्हणाली आणि फळी उचलून त्याच्या हातात दिली.

सोमवारी पाणी पोटरीच्या खुणेवर होतं. चढ एका दमात पार झाला आणि परिपाठाला मी मुलांच्या आधी उभा होतो. संध्याकाळी तोच ओढा उलटा ओलांडून, उजेड असतानाच घरी आलो. वहीतल्या कोऱ्या जागेत उत्तर लिहिलं. मेकॅनिकला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे पाणी नळ्यांनी पिलं." मी वाद घातला नाही.

हे उत्तर माझ्या एका गाडीवरून निघालेलं आहे. तुमची गाडी कार्ब्युरेटरची असेल आणि पाण्यातून आल्यावर गचके देत असेल, तर उघड्या अंगणात, एक बादली घेऊन, आधी नळ्या खाली आणि मग हवेची एक नळी वर, असं दोन्ही करून पाहा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा.