गोदाचे कान

खंडोबा आमचं कुलदैवत. तरी त्या वर्षी मी त्याच्याशी भांडले, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

माझी गोदा तेव्हा सहा वर्षांची. सारखी सर्दी, मग कानदुखी. पुढे दुखणं थांबलं, पण ऐकू येणंही कमी झालं. बडोद्यात मुलींनाही शाळा सक्तीची झाली होती. बाई हाका मारायच्या आणि ही खिडकीबाहेर बघत बसायची. मठ्ठ म्हणून तिला मागच्या ओळीत बसवलं. माझे यजमान सरकारी रिसाल्यात, ते बाहेरगावी होते. सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं, "बहिऱ्या पोरीला कोण करून घेणार? देवानंच मागितलीय. चंपाषष्ठीला मुरळी म्हणून सोडू." म्हणजे लग्न नाही, घर नाही, जन्मभर जागरणांत नाचायचं.

"मी सोडणार नाही," मी म्हणाले. सासरी आल्यापासून त्यांना दिलेलं ते पहिलं उलट उत्तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाला घेऊन देवळात गेले. आत कोणी नव्हतं. मी मोठ्यानं विचारलं, "तू खरंच मागितलीस का हिला? मागितली असशील तर माझ्या तोंडावर सांग. नाहीतर हिचे कान परत दे." गोदा तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होती.

मागून आवाज आला, "बेन, आ छोकरी कायम मोढुं खुल्लुं राखे छे?"

पारशी पद्धतीची साडी नेसलेली ती बाई डॉक्टरीण होती. देवळामागं राहणाऱ्या गुरवाच्या बाळंतीण सुनेला तपासून निघाली होती. मी तशीच तिच्यामागून दवाखान्यात गेले. कपाळावरच्या आरशानं तिनं कानात उजेड पाडला आणि मोडक्या मराठीत मला समजावलं. सर्दीनं नाक चोंदलेलं म्हणून तोंड उघडं, आणि त्याच सर्दीनं कानाच्या पडद्यामागं पाणी साठून चिकट झालं होतं. तसंच राहिलं तर आतलं नाजूक अस्तर सुजून जाड होतं, पडदा आत ओढला जातो, इवलीशी हाडं जखडतात. "पछी कोई कशुं न करी शके," ती म्हणाली, म्हणजे मग कोणाच्याच हातात काही उरत नाही. दोन्ही कानांच्या पडद्यांना बारीक छेद द्यावा लागणार होता.

"कानाला हत्यार लावलंस तर या घरात पाय ठेवू नकोस," संध्याकाळी घरी हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या. सकाळी मी गोदाचा हात धरला आणि त्यांच्यासमोरूनच निघाले.

छेद दिल्यावर डिंकासारखं पिवळट पाणी आलं. गोदा किंचाळली, आणि एकदम दचकून गप्प झाली.

"आई, कोण ओरडलं?"

"तूच गं," मी म्हणाले, आणि मलाच रडू कोसळलं.

घरी आलो तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. गोदा अंगणातल्या मांजरीकडे वळली, तशी त्यांनी तिच्या पाठीमागून हलकेच हाक मारली, "गोदे." तिनं वळून बघितलं. सासूबाई दारातून बाजूला झाल्या.

चंपाषष्ठीला आम्ही तिघी देवळात गेलो. "आणलीस पोर?" गुरवानं विचारलं. "दर्शनाला आणलीय," मी म्हणाले, "परत नेणार आहे."

त्या दुपारी ती बाई नेमकी तिथं कशी आली, हे मी कोणाला पटवायला जात नाही. माझ्यापुरतं मला ठाऊक आहे. गोदाचा उजवा कान पूर्ण सुधारला. डाव्याचं अस्तर आधीच बिघडलं होतं, त्यानं कमीच ऐकू येतं. जे माझ्या हातात होतं ते मी कोणालाही न जुमानता केलं. तो डावा कान मात्र मी मुकाट्यानं खंडोबाच्या स्वाधीन केला आहे.