बोंबलाच्या वासाचा हिरडा

हिरड्याची ती केस आजही आठवली की माझं डोकं सणकतं. तेव्हा मी मीरा रोडच्या पोलीस ठाण्यात होतो. दवाखान्यातून फोन आला: पेणकरपाड्यातली तान्ही मुलगी जुलाब-उलट्यांनी अत्यवस्थ, बाळगुटीचा संशय. गुटी उगाळली होती आजीने, मूळची रत्नागिरीची बाई. सून वॉर्डाबाहेर ओरडत होती, "यांनीच माझ्या पोरीला विष घातलं!" आजीने रडतरडत सहाण आणि उरलेला बाळहिरडा माझ्या हातात दिला. "साहेब, माझा मुलगा ह्याच गुटीवर वाढलाय. माझं काय चुकलं, तेवढं शोधून द्या."

पंचनामा करून सहाण मुद्देमालात जमा केली. आजीला हिरडा विकणाऱ्या दुकानदाराला ठाण्यात आणलं. पठ्ठ्या बिनघोर. "साहब, जंगल का माल है, एकदम असली." पाकिटावर 'उत्तम प्रतीचा' छापलेलं होतंच. छापायला काय जातंय! आवाज चढवला तरी तो बधला नाही. असली माणसं ओरडण्याला सरावलेली असतात. शेवटी त्याच्या दुकानातून जप्त केलेल्या पोत्यातला मूठभर हिरडा नाकाशी नेला. चक्क सुक्या बोंबलाचा वास!

तडक बोंबील वाळवणाऱ्या कोळ्यांचं उत्तन गाठलं. किनाऱ्यावर बोंबलांशेजारी काळाकुट्ट हिरडा वाळत पडला होता. जागेची मालकीण घाबरली. "आमी फक्त सुकवून देतो, साहेब. वला माल तो दुकानवालाच आनतो. औषध हाय ते आमाला म्हाईत न्हाय."

तिला समोर बसवल्यावर दुकानदार फुटला. कारखान्याने अर्क काढून फेकलेला हिरडा तो उचलायचा, कपड्याच्या रंगात काळा करायचा आणि वाळवून बाळहिरडा म्हणून विकायचा. वर म्हणतो, "सब करते हैं, साहब."

मला वाटलं, जिंकलो. कुठलं काय! पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, भिस्त होती नमुन्यावर. एक खातं म्हणे हे औषध, आमच्याकडे नको. दुसरं म्हणे हे रानफळ, याला कुठलं प्रमाण लावायचं? अखेर अहवाल आला: 'नमुना हिरड्याचा आहे.' रंगाबद्दल एक अक्षर नाही. दुकानदार सुटला. दुकान अजून चालू आहे.

मुलगी वाचली. सहाण परत द्यायला मी स्वतः पेणकरपाड्याला गेलो. आजी दाराशी एकटीच बसली होती.

"माझी चूक नव्हती, असं लिहिलंय का हो त्या अहवालात?"

"नाही, आजी."

आत बाळ रडायला लागलं. ती जागची हलली नाही. सहाण माझ्याकडे सरकवत म्हणाली, "तुमच्याकडेच ठेवा. बाळाला हात लावू देत नाहीत मला."

गुन्हेगार शोधला की आपलं काम संपलं, असं मी नोकरीभर समजत आलो. त्या दारात उभं राहून कळलं की माणसावरचा आळ पुसायची ताकद माझ्या वर्दीत नव्हती. ती सहाण अजून माझ्या घरी आहे.